तिकीट नाही, तरी गेटपर्यंत

आपल्याकडे टर्मिनलच्या दारातच सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. निरोप तिथेच, सामानाच्या ट्रॉलीपाशी उभ्याउभ्या. अमेरिकेत मात्र नातेवाईक सुरक्षा तपासणी करून थेट विमानाच्या गेटपर्यंत जात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ते बंद झालं. २०१७ मध्ये पिट्सबर्ग विमानतळाने ही वाट पुन्हा खुली केली: ओळखपत्र दाखवायचं, नावाची पडताळणी झाली की पास घ्यायचा आणि प्रवाशांसारखीच झडती द्यायची. पुढे सिअ‍ॅटलसारख्या विमानतळांनीही अशी सोय केली. ती सगळीकडेच हवी.

अमेरिकेतून आईवडिलांना एकटं परत पाठवत असाल, तर एअरलाइनच्या काउंटरवर सोबतीचा पास मागून पाहा. मदतीची गरज असलेल्या प्रवाशासाठी तो मिळू शकतो. स्वतःचं ओळखपत्र विसरू नका.