गावचे मैदान कागदावर यावे

मार्गशीर्ष उजाडला, भाताचे भारे खळ्यावर गेले, की शहापूर-मुरबाडकडील पाड्यापाड्यांवर मुले रिकाम्या खाचरांत उतरतात. धसकटे उपटावयाची, ढेकळे फोडावयाची, पायाने रेघ ओढावयाची, की झाले कबड्डीचे अंगण तयार. बघणाऱ्यांना बसावयास बांध असतोच. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही व कोणी भाडेही मागत नाही. ज्येष्ठात नांगर लागेपर्यंत ते खाचर मुलांचेच असते. ही वहिवाट इतकी जुनी व इतकी सहज आहे की, गावाला स्वतःचे वेगळे मैदान असावे, हा विचार पुष्कळ गावांच्या मनाला आजवर शिवलेलाच नाही.

आता मात्र ही वहिवाट मोडू लागली आहे, आणि तिच्या मोडण्यामागे एक चांगले कारणही आहे. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल व हरभरा घेणारे शेतकरी या भागात पूर्वीपासून आहेत. जेथे विहिरीचे, बंधाऱ्याचे वा कालव्याचे पाणी मिळते, तेथे भेंडी, काकडी यांसारखी पिकेही उभी राहतात. दुबार पिकाचा सल्ला शेतीखात्यानेच दिला व शेतकऱ्यांनी तो मानला, यात चुकले कोणाचेच नाही. परंतु खाचर हिरवे राहिले, तर मुलांनी खेळावयाचे कोठे, याचे उत्तर तो सल्ला देताना कोणी दिले नव्हते. ते देण्याची वेळ आता आली आहे.

दुसरे कारण रस्त्याने व रुळाने आले आहे. कल्याणहून निघालेली आगगाडी १८५५ साली वाशिंदपर्यंत आली व पुढे आसनगावचा मार्ग १८६० मध्ये खुला होईपर्यंत वाशिंद हेच शेवटचे स्थानक होते. तेव्हापासून या गावाचा मुंबईशी संबंध तुटलेला नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. हा टप्पा शहापूर तालुक्यातून उतरतो, आणि आमणे हे वाशिंदपासून दूर नाही. रेल्वे व रस्ता यांच्या आसपासच्या जमिनीला भाव आला, की आधी भूखंड पडतात व मागाहून इमारती उभ्या राहतात. अशा वेळी ज्या तुकड्याला कागदोपत्री मालक नाही किंवा ज्याचा उपयोग नोंदलेला नाही, तो तुकडा सर्वांत आधी जातो. गावचे मैदान बहुधा असाच तुकडा असते.

मैदान नसल्याने काय होते, हे पाहावयाचे असेल तर पहाटे महामार्गाच्या कडेला उभे राहावे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटरची धाव व गोळाफेक असते. त्याची तयारी करणारी तरुण मुले दिवस उजाडण्यापूर्वी रस्त्याच्या कडेने धावतात, कारण धावावयास दुसरी सपाट जागा नाही. मागून मालमोटारी येत असतात. मुलींची अडचण याहून मोठी. अंधारात रस्त्यावर एकटीने धावण्यास घरची माणसे संमती देत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून मैदानास केवळ मुलांच्या करमणुकीचा प्रश्न समजू नये. कित्येक घरांची नोकरीची आशा त्याच्याशी बांधलेली आहे.

मैदानासाठी फार जमीन लागते, असा एक समज आहे. तो हिशेबाने पाहावा. पुरुषांच्या कबड्डीचे अंगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते, स्त्रियांचे १२ बाय ८. भोवती चार-चार मीटर मोकळी जागा सोडली, तरी पुरुषांच्या अंगणास चार गुंठ्यांहून कमीच जमीन पुरते. खो-खोस २७ बाय १६ मीटर लागतात, भोवतालची तीन मीटर धरून सुमारे सात गुंठे. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९ मीटरचे अंगण साडेतीन-चार गुंठ्यांत बसते. म्हणजे तिन्ही खेळ, कडेची झाडे व पाण्याचा चर यांसह अर्ध्या एकरात मावतात. २०० मीटरची धावपट्टी हवी असेल, तर मात्र एक एकराहून थोडी अधिक जमीन लागेल. ज्या गावास ती मिळणे शक्य आहे, त्याने अर्ध्या एकरावर समाधान मानू नये.

आता जमिनीचा प्रश्न. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) यांनी प्रथम एकत्र बसून गाव नमुना १-ब, म्हणजे सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनींची नोंद, व नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंद, काढून पाहावी. मुले आज जेथे खेळतात तो माळ कोणत्या गट क्रमांकात येतो, हे पुष्कळ ठिकाणी पहिल्यांदाच उलगडेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये सरकारी जमीन गुरचरण, स्मशान, बाजार, खळी यांसाठी राखून ठेवता येते, आणि त्याच कलमात उद्यानासारख्या सार्वजनिक प्रयोजनांचाही उल्लेख आहे. यास्तव ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करावी. गुरचरणाची जमीन परस्पर मैदानाकडे वळविणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही, त्यास कायद्याच्या कडक मर्यादा आहेत. शिवाय गुरांच्या तोंडचा घास काढून मुलांना मैदान देण्यात शहाणपणही नाही.

गावाच्या सामाईक जमिनीस न्यायालयाचा आधार आहे. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातील एका गावाच्या तळ्याची जागा काही लोकांनी भर टाकून व बांधकाम करून बळकावली होती. त्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी निकाल देताना सर्व राज्यांना अशी अतिक्रमणे हटवून जमीन गावाच्या सामाईक वापराकरिता परत देण्याची योजना आखण्यास सांगितले. अतिक्रमण जुने आहे किंवा त्यावर खर्च झाला आहे, एवढ्याने ते कायदेशीर ठरत नाही, असेही त्यात स्पष्ट केले आहे. गावात वाद निघाल्यास हा निकाल कामास येतो.

शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेच्या शब्दास अधिक वजन आहे, व पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते. परंतु येथे एक चूक वारंवार होण्याचा संभव आहे, ती आधीच सांगितलेली बरी. या भागात वनजमीन पुष्कळ, तेव्हा जंगलाच्या कडेचा एखादा तुकडा सपाट करून घ्यावा, असे कोणालाही वाटेल. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता, समाज केंद्र अशा तेरा कामांसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी, वनजमीन मिळू शकते. त्या तेरांत समाज केंद्र आहे, खेळाचे मैदान नाही. म्हणून आधी यंत्र लावून मागून परवानगी मागण्याचा मार्ग येथे चालणार नाही.

वाशिंदसारख्या वाढत्या गावांस आणखी एक वाट मोकळी आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीची मांडणी करताना साधारणपणे दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. मंजूर नकाशावर ती हिरव्या रंगात दिसते, प्रत्यक्षात मात्र तेथे वाळूचे ढीग व मोटारी उभ्या असतात. ग्रामपंचायतीने प्रत्येक मंजूर मांडणीच्या नकाशाची प्रत मागून घ्यावी व वर्षातून एकदा ती जागा पायी जाऊन पाहावी. ही जागा बहुधा तेथील रहिवाशांसाठीच असते, हे खरे. परंतु तिथली मुले तेथे खेळू लागली, तर गावच्या मैदानावरील गर्दी तेवढीच हलकी होते.

जमीन ठरली म्हणजे काम शेतकऱ्याच्या ओळखीचेच आहे. या भागात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा मैदान बिघडते ते बहुधा पाण्यानेच. जमीन अगदी सपाट न ठेवता एका बाजूस मीटरला एक सेंटीमीटर उतार द्यावा व वरच्या अंगास चर खणून डोंगराकडून येणारे पाणी बाहेरूनच काढून द्यावे. अंगणाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सायंकाळचे ऊन खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. कबड्डीच्या अंगणात वीतभर खोलीपर्यंतचे दगड वेचून काढावे आणि चाळलेली माती, जुने कुजलेले शेणखत व लाकडाचा भुसा एकत्र करून वर थर द्यावा. खेळाच्या नियमांतही हेच मिश्रण सांगितले आहे, आणि यांपैकी एकही वस्तू शहरातून आणावी लागत नाही. उरलेल्या जागेत पहिल्या पावसावर हरळीचे ठोंब लावावे. हरळी शेतात वैरीण खरी, पण मैदानाची माती धरून ठेवण्यास तिच्यासारखे स्वस्त साधन नाही.

कडेच्या झाडांसाठी ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डे चैत्र-वैशाखातच खणून उन्हात तापू द्यावे. पश्चिमेस करंज व जांभूळ, प्रवेशाच्या वाटेवर ताम्हण व बहावा लावावा; दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर असावे. एखादा वड कोपऱ्यात हवाच, मात्र तो अंगणापासून दूर, नाहीतर वीस वर्षांनी मुळेच अंगण उचलतील. कुंपणास निरगुडी किंवा मोगली एरंड लावावा, कारण गुरे त्यांस तोंड लावीत नाहीत. मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात, म्हणून लहान मुले खेळतात त्या बाजूस निरगुडीच बरी.

मोकळी जागा म्हणजे केवळ मैदान नव्हे. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा व तिचा गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. इतकी माणसे व जनावरे एकत्र उभी राहावयाची, तर मोकळी जमीन, पाणी व जाण्या-येण्याच्या वाटा लागतात, आणि भोवती घरे दाटली की त्या आपोआप मिळत नाहीत. देवराईची गोष्ट निराळी. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. अशा राईत सिमेंटची बाके, रंगीत फरशी व विजेचे दिवे लावून तिचे उद्यान करावयाचे, हा सुधारणेचा प्रकार नसून मोडतोडीचा आहे. राईला राईच राहू द्यावे. तिच्या सीमेवर दगड रोवावे व पडलेले लाकूडही तेथेच कुजू द्यावे. भातसा नदीचा काठ उन्हाळ्यात बसावयास चांगला. पावसाळ्यात मात्र धरणाचे दरवाजे उघडले, की पाणी पाहता पाहता चढते, म्हणून तेथे धोक्याची पाटी व काठाला दोर असलाच पाहिजे.

पैशाबाबत थोडक्यात. क्रीडा खात्याची क्रीडांगण विकासासाठी अनुदान योजना आहे. तिचे चालू नियम जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतात. अर्जाबरोबर जागेच्या हक्काचा कागद लागतो, आणि नेमका तोच नसल्याने अर्ज अडून राहतो. म्हणून आधी नोंद, मग मोजणी, मग अनुदान, असा क्रम ठेवावा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेतला, तर भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज व शुल्क फेब्रुवारीत भरता येईल. पावसाळ्यात गवत माजून हद्दीच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून मोजणी उन्हाळ्यातच उरकून घ्यावी. मोजणीच्या दिवशी शेजारच्या गटांच्या खातेदारांना बोलवावे, खुणेचे दगड त्यांच्यादेखत पुरावे, आणि नकाशाची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी.