पावसाने धुतलेली हवा आणि खळ्यावरची धूळ

जव्हार-मोखाड्याच्या पठारावर जून ते सप्टेंबर पाऊस धो धो कोसळतो आणि हवेतील धूळ खाली बसते, हे खरे. परंतु त्याच पावसाने हवा बुरशीच्या बीजाणूंपासूनही मुक्त होते, ही समजूत अर्धीच बरोबर आहे. बीजाणू म्हणजे बुरशीचे पुनरुत्पादन करणारे सूक्ष्म कण. त्यांपैकी अनेकांचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असल्याने शांत हवेतसुद्धा ते अत्यंत सावकाश खाली येतात आणि साध्या झुळुकीनेही एका शिवारातून दुसऱ्यात जातात.

पावसाळ्यात रानात, वारुळांवर उगवणाऱ्या अळंबीच्या छत्रीखाली बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा इवलासा थेंब साचतो, तो शेजारच्या ओलाव्यात मिसळताच बीजाणू बाहेर फेकला जातो. काही बुरशींच्या सूक्ष्म पिशव्या पाणी शोषून फुगतात आणि आतील बीजाणू पिचकारीसारखे उडवतात. अशा ओल्या हवेच्या बुरशी प्रामुख्याने रात्री आणि पहाटे, दमटपणा सर्वाधिक असताना, हवेत उतरतात. पावसाचे टपोरे थेंबसुद्धा पानावर आदळताना आधी तेथील कोरडे बीजाणू उधळतात आणि मगच हवा धुऊ लागतात, म्हणून सर सुरू होण्याचा क्षण हा हवा स्वच्छ होण्याचा क्षण नसतो.

पाऊस ओसरला की पाळी बदलते. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया या वाळलेल्या पानांवर व काडीवर वाढणाऱ्या काळपट बुरशींना फेकणारी यंत्रणा लागत नाही. ऊन तापून वारा सुटला की दुपारी त्यांचे बीजाणू सुटतात. नागली आणि भातावरचा करपा मात्र दवावर जगतो, कारण त्याच्या बीजाणूला रुजण्यासाठी पान कित्येक तास ओले राहावे लागते, आणि पाऊस थांबल्यानंतरच्या थंड रात्रींचे दव ते काम पुरे करते.

हे चढउतार मोजण्यासाठी महाराष्ट्रातच साधन घडले: मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एस. टी. टिळक यांच्या नावाने ओळखला जाणारा 'टिळक एअर सॅम्पलर' हवा आत ओढून बीजाणू चिकट पट्टीवर टिपतो, त्यामुळे कोणत्या वेळी कोणती बुरशी उडाली हे सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येते. मात्र सर्वांत दाट बीजाणू शोधायचे तर कापणीनंतरच्या खळ्याकडेच पाहिले पाहिजे. भात झोडताना आणि वाऱ्यावर उपणताना काडीवर साचलेल्या बुरशीचा लोट उठतो, तो झोडणाऱ्यांच्या नाकातोंडाशीच असतो. दमा असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो, आणि ओढणी किंवा पंचा तोंडाला बांधला तरी सैल विणीतून त्यातील बारीक कण आत जातातच.