सोंग ठरविलेली वेदना

पांढुर्णा-सौंसर भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना पालकांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकावे लागते : "दुखत-बिखत नाही जी डॉक्टरसाहेब, सोंग करते हे पोरगं." हे वाक्य बहुधा त्यांचे स्वतःचे नसते; कुठल्या तरी दवाखान्यातून ते त्यांच्याबरोबर आलेले असते.

सिकलसेल आपल्या भागाला नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. तरीही निदानाआधी पुष्कळ मुलांवर 'मानसिक' हा शिक्का बसतो, आणि त्याचे कारण आजाराच्या स्वभावातच आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांचा रक्तपुरवठा तुटतो, असह्य कळा उठतात. बाहेरून मात्र पुष्कळदा काहीच दिसत नाही. एक्स-रेही स्वच्छ असतो. थंडी, श्रम, कमी पाणी आणि मनावरचा ताण यांनी खरीखुरी कळ उठू शकते. म्हणजे ती हिवाळ्यात, परीक्षेच्या तोंडावर येणार आणि चार दिवसांनी मूल अंगणात खेळणार! शाळा टाळण्याचा आरोप ठेवायला याहून अधिक काय हवे?

सौंसरकडच्या एका खेड्यातील अकरा वर्षांच्या मुलाचे असेच झाले. दोन वर्षे मांड्या दुखत होत्या. "मनाचे आहे, लक्ष देऊ नका," असा सल्ला एका ठिकाणी मिळाला. वडिलांनी मारले, मग जामसावळीला नेले. (तेथे निदान मुलाला काहीतरी होत आहे हे तरी मान्य असते, आपल्या शास्त्राने तेवढेही नाकारले होते.) पुढे एचपीएलसी तपासणीत सिकलसेलचा आजार स्पष्ट झाला. हायड्रॉक्सियुरिया व फोलिक ॲसिड सुरू केले, कळा कमी झाल्या. पण मूल दुखणे सांगेनासे झाले. एकदा छातीतील दुखणे त्याने दोन दिवस लपविले. आणले तेव्हा धाप लागली होती. रक्त देऊन नागपूरला पाठवावे लागले. बरा झाल्यावर मी कारण विचारले. म्हणाला, "खरंच दुखते का नाही, मलेच समजत नाही."

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली ल्युपससारख्या आजारांच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शारीरिक आजार मानसिक ठरविला गेलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांनी आपल्या आत्मसन्मानाला त्यामुळे धक्का बसल्याचे सांगितले. अकरा वर्षांच्या मुलाला तर त्यासाठी शब्दही नसतात.

मनाचे आजार खोटे किंवा हलके असतात, असे मला म्हणायचे नाही. मुलांत मानसिक कारणाने पोट दुखते, डोके दुखते, आणि त्यालाही उपचार लागतो. परंतु ते निदान पुराव्यावर करावयाचे असते. आपल्याकडे 'मानसिक' हा शब्द पुष्कळदा तपासणी थांबविण्यासाठी वापरला जातो.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याच वर्षी पांढुर्णा जिल्हा झाला. तपासणी वाढली, कार्डे मिळू लागली. मात्र आधीचा शिक्का कार्डाने पुसला जात नाही. म्हणून अहवाल हाती आला की मी आईवडिलांसमक्ष मुलाला मोठ्याने सांगतो, "तुझे दुखणे पहिल्या दिवसापासून खरे होते." पुष्कळ वडील तेव्हा खाली पाहतात.

या मुलाला मी एक वही दिली. दुखले की तारीख लिहायची. पहिले तीन महिने ती कोरीच आली. गेल्या थंडीत एका रात्री त्याने आईला स्वतःहून उठविले.