मीडियाविकी: पाने आणि फाइली कुठे साठवल्या जातात?

विकिपीडिया मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. तिथे संपादन करून तुम्ही पान जतन करता, तेव्हा त्या पानाच्या नावाची फाइल सर्व्हरवर तयार होत नाही. मजकूर डेटाबेसमध्ये जातो आणि चित्रे फोल्डरमध्ये. ही विभागणी समजून घेऊ.

१. पानांची साठवण

तीन कोष्टके महत्त्वाची आहेत.

• पेज: प्रत्येक पानाची एक ओळ. तीत पानाचा क्रमांक, नामविश्व, शीर्षक आणि चालू आवृत्तीचा क्रमांक असतो.
• रिव्हिजन: प्रत्येक संपादनाची एक ओळ. कोणत्या पानात, कोणी, कधी बदल केला याची ही नोंद.
• टेक्स्ट: प्रत्यक्ष मजकूर.

(नव्या रचनेत रिव्हिजन आणि टेक्स्ट यांना जोडणारी स्लॉट्स आणि कंटेंट ही कोष्टकेही आहेत.)

तुम्ही एक स्वल्पविराम बदललात तरी नव्या आवृत्तीचा पूर्ण मजकूर साठवला जातो. दोन आवृत्त्यांतील फरक तुम्ही मागाल तेव्हा काढून दाखवला जातो.

२. क्रमांक कशासाठी?

पूर्वी एका कोष्टकात चालू मजकूर आणि दुसऱ्यात जुन्या आवृत्त्या असत. जुन्या आवृत्त्या पानाशी शीर्षकाने जोडलेल्या होत्या. त्यामुळे शीर्षक बदलले की जुन्या आवृत्त्यांची प्रत्येक ओळ बदलावी लागे. २००५ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीत वरील तीन कोष्टके आली. आता इतिहास पानाच्या क्रमांकाला जोडलेला असतो. शीर्षक बदलले तरी पानाचा क्रमांक तोच राहतो आणि इतिहासाला धक्का लागत नाही.

३. फाइलींची साठवण

चढवलेली चित्रे 'इमेजेस' फोल्डरमध्ये जातात. हजारो फाइली एकाच फोल्डरात साचू नयेत म्हणून फाइलच्या नावाचा एमडी५ हॅश काढतात. हॅशची सुरुवात ३७ ने झाली, तर फाइल 'इमेजेस/३/३७' मध्ये जाते. अशा रीतीने फाइली २५६ उपफोल्डरांत साधारण समान वाटल्या जातात. नावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटणी केली असती, तर कॅमेऱ्याने दिलेल्या एकसारख्या नावांची गर्दी एकाच ठिकाणी झाली असती.

मात्र इथे जागा नावावरून ठरते. म्हणून फाइलचे नाव बदलले की फाइल प्रत्यक्ष हलवावी लागते.

४. बॅकअप घेताना

तुमच्या विभागाचा विकी असेल, तर फक्त डेटाबेसची प्रत पुरेशी नाही. तीत लेख मिळतील, पण चित्रे मिळणार नाहीत. फक्त 'इमेजेस'ची प्रत घेतली, तर चित्रे मिळतील, पण त्यांचे वर्णन आणि परवान्याची माहिती जाईल. कारण ती पानांच्या रूपात डेटाबेसमध्ये असते. दोन्हींच्या प्रती घ्या, सोबत 'लोकलसेटिंग्ज' ही मांडणीची फाइलही ठेवा. छोट्या आकारातील चित्रे मूळ फाइलींवरून पुन्हा तयार करता येतात.

सरावासाठी: पानाचे शीर्षक बदलणे आणि फाइलचे नाव बदलणे यांत साठवणीच्या दृष्टीने काय फरक पडतो, ते सकारण लिहा.