ओव्हरक्लॉकिंग करायचंय? आधी मदरबोर्ड नीट निवडा!

कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पहिल्यांदाच करून बघणार असाल, तर मदरबोर्ड घेताना रंगीत दिव्यांना भुलू नका. बोर्ड चुकला, तर वेग वाढवण्याची सोयच मिळणार नाही आणि साठवलेले पैसे वाया जातील.

आधी चिपसेट पाहा : प्रोसेसर इंटेलचा असेल, तर त्याच्या नावात ‘के’ हवा आणि बोर्ड झेड७९०सारखा, झेड मालिकेतला हवा. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरना बी६५०सारखा बोर्ड पुरतो. ए६२०वर मात्र प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही. सॉकेट जुळतंय ना, तेही बघा.

मग व्हीआरएम पाहा : प्रोसेसरला वीज पुरवणारा हा भाग वेग वाढला की तापतो. त्यावर धातूचं जाड हीटसिंक हवं.

बायोस पूर्ववत करणारं बटण असेल तर उत्तम. सेटिंग चुकलं तरी मूळ स्थितीत परतता येतं.

बोर्ड बसवल्यावर घाई करू नका. एका वेळी १०० मेगाहर्ट्झच वाढवा आणि दर वेळी तापमान तपासा. व्होल्टेज अंदाजाने वाढवू नका, कारण ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.