हेडलाइट उघडणे सोपे, पण पुन्हा बंद करणे हाच खरा हुन्नर

सावनेर तालुक्यातील खापा हे कन्हान नदीकाठचे गाव विणकरांसाठी आणि जवळच्या गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. हातमागावर घर चालवणे अवघड झाल्यापासून विदर्भातील विणकर घराण्यांची मुले इतर हुन्नरांकडे वळली. मोटार दुरुस्ती हा त्यातलाच एक. अलीकडे या धंद्यात एक नवे काम आले आहे. मोटारीचा हेडलाइट उघडायचा, आत हवा तो बदल करायचा आणि पुन्हा बंद करून द्यायचा. यासाठी मोठे दुकान लागत नाही. घराच्या पडवीत किंवा एका खोलीतही हे काम होते. म्हणून आमच्या कारागीर बांधवांसाठी त्याची रीत आणि त्यातील जबाबदारी आम्ही येथे मांडत आहोत.

जुन्या अॅम्बॅसॅडर, पद्मिनी किंवा ट्रकला गोल काचेचा दिवा असे. सील्ड बीम असेल तर काच आणि रिफ्लेक्टर एकजीव असत, ते उघडण्याचा प्रश्नच नव्हता. बिघडला की पूर्ण दिवा बदलायचा. आताच्या मोटारींची 'काच' ही काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. मागचा डबा, म्हणजे हाउसिंग, वेगळ्या प्लास्टिकचे असते. त्याच्या कडेने एक नाली असते आणि त्या नालीत सीलंट भरून काच बसवलेली असते. दिवा उघडणे म्हणजे हा सांधा सोडवणे.

आधी ठरवा, उघडायचा की नाही

ग्राहक येतो आणि म्हणतो, दिवा पिवळा पडला आहे, उघडून साफ करा. हा पिवळेपणा बहुतेक वेळा बाहेरून असतो. उन्हातील अतिनील किरणांनी काचेवरचा संरक्षक थर खराब होतो. त्यासाठी दिवा उघडण्याची गरज नाही. पाण्याच्या पॉलिश पेपरने ८००, १५०० आणि २००० नंबर या क्रमाने घासावे आणि वरून अतिनील किरण रोखणारा पारदर्शक थर द्यावा. हा थर दिला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते आणि नाव कारागिराचे जाते.

पावसाळ्यात आत हलकी वाफ दिसली आणि दिवा थोडा वेळ लावल्यावर ती गेली, तरीही उघडू नये. दिव्याला हवा आत-बाहेर जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात, त्यामुळे एवढी वाफ साधारण असते. पाणी तळाशी साचत असेल, काच तडकली असेल, आतला भाग सुटला असेल, तरच उघडण्याचे कारण आहे. जे काम न उघडता होते ते उघडून करणे म्हणजे ग्राहकाचा पैसा विनाकारण घेणे होय.

सीलंट ओळखा

कडेला टोकदार वस्तूने थोडे टोचून पाहावे. सीलंट काळे, डिंकासारखे चिवट असेल आणि गरम केल्यावर ताणले जात असेल तर ते बुटाइल होय. असा दिवा उघडता येतो. सीलंट कडक असून उष्णतेने मऊ होत नसेल, किंवा काच व डबा वितळवून जोडलेले असतील, तर तो दिवा कापल्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी ग्राहकास सरळ नकार द्यावा.

उघडण्याची रीत

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून दिवा मोटारीतून काढावा. बल्ब, होल्डर, रबरी बूट आणि दिवा वर-खाली करणारी मोटर काढून ठेवावी. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही. कडेचे सर्व स्क्रू आणि लोखंडी क्लिपा काढाव्यात. एखादा स्क्रू राहिला आणि आपण ओढले तर डबा तुटतोच.

त्यानंतर दिवा गरम करावा लागतो. तापमान ठरवता येणारा ओव्हन असेल तर ८० ते १०० अंश सेल्सियसवर ठेवून सुमारे दहा मिनिटे गरम करावे. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंशांवर मऊ पडते आणि डब्याचे प्लास्टिक त्याच्या आधीच वाकडे होऊ शकते, म्हणून ११० च्या पुढे जाऊ नये. दिवा लाकडी फळीवर ठेवावा. ओव्हनच्या तापलेल्या सळईला किंवा भिंतीला तो टेकता कामा नये. घरात ज्यात अन्न शिजते तो ओव्हन यासाठी वापरू नये. हीट गन असेल तर ती एका जागी न धरता सांध्यावरून सतत फिरवत राहावी. ब्लो लॅम्प किंवा स्टोव्हची ज्योत कधीही वापरू नये.

मऊ झालेला सांधा एका कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या पाचरीने हळूहळू सोडवावा. हातात मोजे असावेत. जोर लागत असेल तर ओढू नये, पुन्हा गरम करावे.

आत काय करावे, काय टाळावे

रिफ्लेक्टरवर अॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर असतो. त्याला बोट लावू नये, फडक्याने पुसू नये. धूळ फक्त हवेने उडवावी. हा थर जळला असेल तर कोणत्याही पॉलिशने तो परत येत नाही आणि चंदेरी रंग मारणे ही निव्वळ फसवणूक आहे. काच आतून साबणाच्या पाण्याने धुवावी व पूर्ण वाळवावी. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन लावल्यास पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

आतल्या पट्टीला काळा रंग द्यायचा असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा. ओला रंग बंद डब्यात राहिला की दिव्याच्या उष्णतेने त्याची वाफ निघून काचेवर व रिफ्लेक्टरवर धुके बसते.

बंद करणे

उघडणे हे निम्मेही काम नाही. नालीतले सर्व जुने सीलंट खरवडून काढावे, धूळ व ओल राहू देऊ नये. बुटाइलची नवी दोरी नालीत सलग बसवावी, मध्ये खंड पडू नये. विणकराला हे सांगावे लागत नाही, एक धागा सुटला की पट्टा उसवत जातो. मग दिवा पुन्हा गरम करून काच दाबून बसवावी, क्लिपा व स्क्रू लावावेत आणि थंड होईपर्यंत चिमट्यांनी आवळून ठेवावे. ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा आंबट वास येतो ते दिव्यात वापरू नये. त्यातून निघणाऱ्या आम्लाने रिफ्लेक्टर काळवंडतो.

तपासणी पंक्चरवाल्यासारखी करावी. एक छिद्र सोडून बाकीची तात्पुरती बंद करावीत. उरलेल्या छिद्रातून नळीने हलकेच हवा फुंकावी आणि सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला तिथे गळती आहे. तपासणी झाल्यावर हवेची छिद्रे मोकळी करण्यास विसरू नये, ती बंद राहिली तर आत वाफ धरते.

फोकस आणि कायदा

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून डिपरचा प्रकाश समोरून येणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, खाली असतो आणि डावीकडे किंचित वर चढतो. उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला प्रोजेक्टर बसवला तर हा चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातल्यासही असेच होते. फिलामेंट जिथे असते तिथे प्रकाश उगम पावला नाही तर तो विखुरतो. ६०/५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब घातल्यास वायरिंग व होल्डर जळण्याची भीती असते.

दिवा बसवल्यावर मोटार सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. भिंतीवर दिव्याच्या मध्याची उंची खुणेने दाखवावी. डिपरच्या प्रकाशाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यावी. कारखान्याने वेगळे माप दिले असेल तर तेच पाळावे.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ प्रमाणे, समोरचा दिवा ८ मीटरवर दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिपवणारा नसावा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२ ए आले. त्याप्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे तडकलेली काच त्याच प्रकारच्या काचेने बदलणे ही दुरुस्ती आहे, पण प्रकाशाची जात किंवा जोर बदलणे ही जोखीम आहे. ती ग्राहकाला काम घेण्यापूर्वीच सांगावी.

हिशेब आणि अमानत

या कामातील दोष आत असतो आणि लगेच दिसत नाही. तो पहिल्या पावसात दिसतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले आणि फसवणुकीचा कडक निषेध केला, हा प्रसंग हदीसमध्ये आहे. दिव्याच्या कारागिरास यापेक्षा जवळचा दाखला सापडणार नाही. त्याची ओलही आतच असते. रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, असेही आपल्याला शिकवले आहे. मग रात्री समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचे डोळे दिपवणारा दिवा आपल्या हातून रस्त्यावर जाऊ नये.

म्हणून सुरुवात भंगारातील दिव्यांवर करावी. किमान चार-पाच उघडून, बंद करून, पाण्याखाली धरून पाहावेत आणि मगच ग्राहकाचा दिवा हातात घ्यावा. पावतीवर काय उघडले, काय बदलले ते लिहावे आणि सांध्याची एका पावसाळ्याची हमी द्यावी. पाणी शिरले तर पुन्हा मोफत करून द्यावे. नवीन दिव्याची किंमत आधी विचारून घ्यावी. दुरुस्ती तिच्या जवळपास जात असेल तर ग्राहकास नवीनच घेण्याचा सल्ला द्यावा. असा सल्ला देणाऱ्याकडे ग्राहक दुसऱ्या कामासाठी परत येतो. हलाल रोजीत बरकत असते ती अशी.