चाकाचा आवाज कधी बदलतो?

चाकाकडून येणारा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो-उतरतो, तर इंजिनाचा आवाज ॲक्सिलरेटरच्या मागे जातो. दोन्ही वेगळे करण्यासाठी मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये सोडून पाहावी. इंजिन शांत झाल्यावरही घरघर कायम राहिली आणि वेग उतरेल तशी उतरत गेली, तर दोष टायर, बेअरिंग किंवा ब्रेक यांच्यात आहे. इंजिन मात्र चालूच ठेवावे. ते बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारा जोरही लवकरच संपतो.

मुंबईच्या घाटकोपरमध्ये त्याआधी रस्त्याचा आवाज वजा करावा लागतो. लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४चे काम, दुकानांसमोर वरखाली झालेले पेव्हर ब्लॉक, गल्ल्यांमधले नवे काँक्रीट, उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, यांतले प्रत्येक काही ना काही वाजवते. इथे थोडे गणित कामाला येते. काँक्रीटच्या रस्त्याचे तुकडे साधारण साडेचार मीटरचे असतात आणि लहान मोटारीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या जवळपास. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगात रस्त्याचे सांधे सेकंदाला दोनदा धपधपतात, तर चाक पाच फेरे घेते. टायरच्या खाचेत रुतलेला खडा किंवा खिळा म्हणूनच सेकंदाला पाच वेळा टिकटिकतो आणि डांबरी रस्त्यावरही थांबत नाही. खडा पान्याच्या टोकाने काढता येतो. खिळा मात्र रस्त्यात उपटू नये. ट्यूबलेस टायरमध्ये तोच हवा धरून ठेवतो, त्यामुळे तो पंक्चरवाल्याकडेच निघावा.

आवाज ऐकण्याची वेळही निवडावी लागते. अंधेरी–घाटकोपर जोडरस्त्यावर डोक्यावरून मेट्रो आणि चारी बाजूंनी हॉर्न असताना कानाला काही कळत नाही. पहाटे एखाद्या लांब कंपाउंड भिंतीलगत, काच खाली करून सावकाश गाडी चालवली की भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि तो कोणत्या बाजूचा हे समजते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो टायर आणि बेअरिंग यांच्यात. दोन्ही घोंघावतात, दोन्हींचा आवाज वेगाबरोबर चढतो. बेअरिंग खराब असताना चार नवे टायर बसवले जातात, किंवा टायर आतून झिजलेले असताना बेअरिंग बदलली जाते, आणि गाडी तोच आवाज घेऊन घरी येते. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो, हे विचारले तर हा खर्च टळतो. डांबरावरून काँक्रीटवर जाताना टायरचा सूर लगेच बदलतो. बेअरिंगला खालचा रस्ता कोणता याने फारसा फरक पडत नाही. तिला फरक पडतो वजनाने. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. पूर्व द्रुतगती महामार्गावरून उतरताना उजव्या वळणावर घरघर वाढली आणि डाव्या वळणावर कमी झाली, तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा.

टायरची तपासणी हाताने होते. गाडी उभी असताना तळवा टायरच्या पृष्ठभागावरून आडवा फिरवावा, आधी तारा बाहेर आलेल्या नाहीत ना ते पाहून. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर अलाइनमेंट बिघडली आहे. घेरावर ठिकठिकाणी खोलगटे लागले, तर शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग राहून गेले आहे. आतली कड उभ्याने दिसत नाही, म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून तीही पाहावी. अनेक टायर बाहेरून नवे दिसतात आणि आतून संपलेले असतात. खाचांमध्ये रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, की खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बाद झाला. एवढे करूनही खात्री पटली नाही, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहावेत. आवाजाने जागा बदलली तर दोष टायरचा, न बदलली तर बेअरिंगचा. नवे काही विकत घेण्याआधी ही अदलाबदल प्रत्येक गॅरेजने करायलाच हवी.

बेअरिंगची शेवटची खात्री जॅकवर होते. चाक उचलून हाताने फिरवावे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. हलले तर बेअरिंग किंवा बॉलजॉइंट सैल आहे. डावीकडे-उजवीकडे धरल्यावरच हलले, तर बहुधा टाय रॉडचे टोक झिजले आहे. त्या वेळी बाकीच्या चाकांना दगड लावलेले असावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये.

पावसाळ्यात बेअरिंगचे आयुष्य घटते, त्याला साधे कारण आहे. धावून तापलेली बेअरिंग साचलेल्या पाण्यात बुडली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस बिघडते, गोळ्यांवर गंज चढतो, पण घरघर पुष्कळदा काही आठवड्यांनी सुरू होते. तोवर ते पाणी कोणाच्या लक्षातही नसते.

पावसातले सगळेच आवाज एवढे गंभीर नसतात. रात्रभर भिजलेल्या ब्रेक डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि थर निघून जातो. खोदलेल्या रस्त्यावरची खडी डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात अडकली, तर कानठळ्या बसवणारा चरचराट होतो. गाडी थोडी मागेपुढे केल्यावर खडा अनेकदा पडतो. कायमची, बारीक चीं-चीं मात्र वेगळी. पुष्कळ ब्रेक पॅडना एक लहान पत्री जोडलेली असते आणि पॅड संपत आला की ती डिस्कला घासते. त्याकडे दुर्लक्ष झाले तर पुढे लोखंडावर लोखंड घासते आणि पॅडसोबत डिस्कचाही खर्च येतो.

वळताना किंवा आदळताना होणारे आवाज बहुधा चाकामागच्या भागांचे असतात. सोसायटीच्या आवारात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना कटकट ऐकू आली, तर पुढच्या एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला आहे. त्याचे रबरी बूट फाटलेले असते आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसते. बूट वेळेत बदलले असते तर बहुधा जॉइंट वाचला असता. स्पीडब्रेकरवर किंवा घाटकोपरमधल्या असल्फ्याच्या चढावरच्या खड्ड्यांत होणारी खटखट लिंक रॉड किंवा बुशकडे बोट दाखवते.

तीन आवाजांना मात्र परीक्षा न करता गाडी बाजूला घ्यावी. ब्रेक दाबताच लोखंड घासणे हा पहिला. दुसरा, हळू वेगातही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला होणारी धपधप. लांब उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला आलेला सपाटपणा थोड्या अंतरात जातो. धपधप त्यानंतरही राहिली तर टायरचे आतले थर सुटलेले असू शकतात, आणि बाजूला फुगा दिसला तर स्टेपनीच लावावी. तिसरा, टायर बदलल्यानंतर किंवा पंक्चर काढल्यानंतर सुरू झालेली खडखड. ती चाकाच्या सैल नटांची असू शकते. नट एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पान्याने पुन्हा एकदा तपासायचे असतात.